हवापट्टी कोण ठरवणार?

अवकाशस्थानकावर घडणाऱ्या विज्ञानमालिकांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: यात कुणी कुठे जातच नाही. यानाची मालिका असली की दर आठवड्याला नवा ग्रह, नवं संकट आणि शेवटी ‘चला पुढे’. स्थानक मात्र आपलं एकाच कक्षेत घिरट्या घालत बसलेलं. तक्रार खोटी नाही, पण मला तरी तेच या प्रकाराचं बळ वाटतं. यानातल्या मंडळींना भांडण अर्धवट टाकून निघून जाता येतं. स्थानकावरच्यांना ती सोय नाही. काल ज्याच्याशी वाजलं तो आज सकाळी त्याच बोळात समोर येणार, त्याच टाकीतलं पाणी पिणार, आणि त्याने सोडलेला श्वास गाळून यंत्र तो आपल्यालाच परत देणार.

म्हणजे स्थानकाची गोष्ट ही मुळात गावाची गोष्ट. आणि गाव म्हटलं की कारभार आला. पाणी कुणी सोडायचं, कचरा कुणी उचलायचा, भाडं थकलं तर काय करायचं, नकोशा झालेल्या माणसाला बाहेर काढायचं तर कुठे काढायचं. इथे वेशीबाहेर हवा नाही, एवढाच काय तो फरक. माझी तक्रार नेमकी या जागी आहे. गेल्या तीसेक वर्षांत स्थानकाच्या काही फार चांगल्या मालिका आल्या, पण कारभाराच्या प्रश्नाला त्यांनी हात लावला न लावलासा केला. कप्तान भला निघाला आणि वेळ निभावून गेली, यावर बहुतेकांचं भागलं. कल्पितात ते खपून गेलं. आता खासगी कंपन्या खरीखुरी स्थानकं बांधायला निघाल्या आहेत, आणि स्थानकावरचं जगणं कसं असतं याचं लोकांच्या डोक्यातलं चित्र बरंचसं याच मालिकांनी काढलेलं आहे. त्या चित्रात नगरपालिका नाही.

टीव्हीवाले स्थानकाकडे वळले ते काही राज्यशास्त्राच्या ओढीने नव्हे. हिशेब पैशांचा होता. दर भागाला नवा ग्रह उभा करायचा तर दर भागाला नवा सेट लागतो. स्थानकाचा सेट एकदा उभारला की वर्षानुवर्षं पुरतो. पाहुणे जहाजातून येतात आणि येताना गोष्ट सोबत घेऊन येतात. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेत अशा दोन मालिका महिन्याभराच्या अंतराने दिसल्या. ‘डीप स्पेस नाइन’ जानेवारीत सुरू झाली आणि १९९९पर्यंत सात हंगाम चालली. ‘बॅबिलॉन ५’चा पहिला दीर्घ भाग फेब्रुवारीत आला, नियमित मालिका पुढच्या वर्षी सुरू झाली आणि पाच हंगामांत संपली. कुणी कुणाची कल्पना उचलली यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. त्यांना येऊ द्यावं.

‘बॅबिलॉन ५’चं स्थानक म्हणजे सुमारे आठ किलोमीटर लांबीचं फिरतं नळकांडं. फिरण्यामुळे आतल्या भिंतीवर वजन जाणवतं, तीच जमीन. ही कल्पना काही हवेतून आलेली नव्हती. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील यांनी १९७४मध्ये अशा फिरत्या नळकांड्यांतल्या वसाहतींचा आराखडा छापून आणला, आणि १९७५च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्रात जमलेल्या अभ्यासगटाने दहा हजार माणसांना पुरेल अशा चक्राकार वसाहतीची गणितं मांडली. मालिकेने हा आकडा बराच ताणला: अडीच लाख रहिवासी, माणसं आणि परग्रहवासी मिळून.

अडीच लाख! हा आकडा मालिकेच्या दुसऱ्या हंगामात दर भागाच्या सुरुवातीला अभिमानाने सांगितला जाई. आणि या अडीच लाखांच्या शहराला नगरसेवक नाही, महापौर नाही, वॉर्ड नाही. परिषद आहे ती राजदूतांची. बाकी सगळं लष्करी अधिकाऱ्याच्या हातात: गोदीचं वेळापत्रक, पोलीस, न्याय, अंदाजपत्रक, प्रसंगी युद्धसुद्धा. राजा बोले, दल हाले. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये मालकी एका ग्रहाची, कारभार दुसऱ्याच संघराज्याच्या अधिकाऱ्याचा, आणि मधल्या बाजारपेठेत दुकानं थाटून बसलेल्यांना मत कुठेच नाही. त्या स्थानकाचा इतिहास तर आणखी बोलका आहे. ते मुळात परक्या सत्तेने खनिज शुद्ध करण्यासाठी बांधलेलं, आणि गुलाम केलेल्या मजुरांच्या जिवावर चालवलेलं. सत्ता बदलते, मजूर मोकळे होतात, पण भिंती, दारं, कुलपं जिथल्या तिथे राहतात. नवा अधिकारी जुन्या मालकाच्याच कचेरीत बसून खाली नियंत्रणकक्षाकडे बघतो. लेखकांना यातला उपरोध समजलेला होता असं मी मानतो. तो त्यांनी पुढे फारसा नेला नाही, एवढंच.

मान्य करायला हवं की या दोन्ही मालिका श्रमाच्या प्रश्नापर्यंत पोचल्या, आणि तिथे त्या सगळ्यात जिवंत झाल्या. ‘बॅबिलॉन ५’च्या पहिल्याच हंगामात गोदी कामगारांच्या संपाचा एक भाग आहे. माणसं कमी, यंत्रं जुनी, सुरक्षेवर खर्च नाही. अपघात होतो आणि कामगार मरतो. संप बेकायदा, कारण काम सरकारी कंत्राटाचं. पृथ्वीहून आलेला मध्यस्थ एक जालीम कायदा लागू करतो: संप मोडायला लागतील ती साधनं वापरा. कमांडर कायद्याचे तेच शब्द उलटवतो. लागतील ती साधनं म्हणजे पैसासुद्धा, असं म्हणून लष्करी तरतुदीतला निधी गोदीकडे वळवतो आणि संप मिटवतो. प्रेक्षक म्हणून टाळ्या वाजवाव्यात असाच प्रसंग आहे. पण टाळ्या थांबल्यावर विचारावंसं वाटतं: पुढच्या वेळी कमांडर दुसरा असला तर? कामगारांना मिळालं ते कमांडरच्या हुशारीमुळे. हक्क म्हणून त्यांच्या हातात काहीच आलं नाही. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये १९९६च्या एका भागात मद्यालयातले नोकर युनियन काढतात, मालक तर त्यांच्यातल्याच एकाचा भाऊ. शेवटी मालक मागण्या गुपचूप मान्य करतो, अट एकच: युनियन मोडीत काढायची. म्हणजे इथेही तेच. पगार वाढतो, संस्था उरत नाही.

‘बॅबिलॉन ५’च्या तळमजल्यांवरही एक वस्ती दाखवली आहे. कामाच्या आशेने आलेले, काम न मिळालेले आणि परतीचं भाडं न परवडणारे लोक तिथे राहतात. पृथ्वीवरच्या बेघरापेक्षा या माणसाची अडचण वेगळी आहे, कारण त्याला चालत कुठेच जाता येत नाही. मालिकेने ही माणसं बहुतेक वेळा गुन्ह्यांची पार्श्वभूमी म्हणून वापरली. त्यांच्या हवेचे पैसे कोण भरतं, हा प्रश्न मात्र कुणी पात्र तोंडावर आणत नाही.

हवेचा प्रश्न लेखकांना अगदी पहिल्यापासून नकोसा वाटत आला आहे. १८६९मध्ये एडवर्ड एव्हरेट हेल या अमेरिकन लेखकाने विटांचा चंद्र आकाशात सोडण्याची कथा लिहिली. अवकाशस्थानकाची पहिली गोष्ट म्हणून तिचा मान आहे. दर्यावर्दींना रेखांश कळावा म्हणून बांधलेला हा चंद्र वेळेआधीच उडतो, आत माणसं असतानाच. वर मात्र सगळी मजेत राहतात, झाडं उगवतात, उड्या मारून खालच्यांना खुणा करतात. त्या काळाला ते शोभलं. पण आपल्याला आता पंचवीसेक वर्षांचा सलग अनुभव आहे. २ नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. तिथली हवा काय चीज आहे ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

पृथ्वीवर आपण सोडलेला उच्छ्वास गरम असतो, म्हणून वर चढतो आणि त्याच्या जागी ताजी हवा येते. वजनरहित अवस्थेत ‘वर’ असं काही नसल्याने हे घडत नाही. पंखे बंद पडले तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचत राहतो, आणि तो डोकं ठणकत, धापा टाकत जागा होतो. म्हणून स्थानकावर पंख्यांची घरघर रात्रंदिवस चालू असते आणि झोपायच्या कपाटवजा खोलीतला झरोका मोकळा ठेवावा लागतो. ऑक्सिजन पाण्यात वीज सोडून, पाणी फोडून मिळवतात. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो लागतो. ते पाणी कुठून येतं? बरंचसं लघवी, घाम आणि श्वासातल्या वाफेतून. २०२३मध्ये नासाने जाहीर केलं की पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर साधला आहे.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तपशील. पृथ्वीवरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतो. स्थानकावर तो त्याच्या कितीतरी पट असतो. दीर्घ मुक्कामासाठी नासाची मूळ मर्यादा ५.३ मिलिमीटर होती. अंतराळवीर त्याच्या खालच्या पातळीवरही डोकेदुखीच्या तक्रारी करू लागले, तेव्हा ती व्यवहारात ४वर आणि नंतर ३वर आणली गेली. वरवर पाहता ही डॉक्टरांची आणि अभियंत्यांची गोष्ट. पण मर्यादा एका अंकाने खाली आणायची म्हणजे हवा शुद्ध करणारी यंत्रं जास्त वेळ चालवायची, ती लवकर झिजणार, सुटे भाग जास्त लागणार, ते वर पाठवायला जागा आणि पैसा लागणार. थोडक्यात, एका बाजूला डोकेदुखी आणि दुसऱ्या बाजूला खर्च, आणि मध्ये कुणीतरी ठरवणारा. असे निर्णय जिथे घेतले जातात त्याला आपण राजकारण म्हणतो. पाणीपट्टी कुणी ठरवायची यावर सभा उधळल्या जातात. हवापट्टी ठरवायची वेळ येईल तेव्हा सभाच नसेल अशी व्यवस्था आपण करतो आहोत का?

पडद्यावर हे एकदा तरी कुणी नीट दाखवलं आहे. ‘द एक्स्पान्स’ मालिकेच्या सुरुवातीलाच सेरेस या खडकावरच्या स्थानकात हवेच्या गाळण्या वेळेवर बदलल्या जात नाहीत, पैसे वाचवले जातात, आणि वस्तीतली मुलं खोकू लागतात. ना युद्ध, ना परग्रहवासी. नुसत्या मळलेल्या गाळण्या. मला त्या मालिकेतल्या सगळ्या लढायांपेक्षा हा खोकला जास्त लक्षात राहिला. पण तिथेही निवाडा होतो तो एका पोलिसाच्या हातून, त्याच्या मनाला येईल तसा. तक्रारअर्ज कुठे करायचा हे सेरेसवर कुणालाच ठाऊक नसावं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्थानक हे मुळात जहाज आहे, धोक्याच्या ठिकाणी मतदान करत बसता येत नाही, म्हणून अधिकार एकाच हातात हवा. खरं आहे. फेब्रुवारी १९९७मध्ये रशियाच्या मीर स्थानकावर ऑक्सिजन तयार करणाऱ्या नळकांड्याने पेट घेतला. आत सहा माणसं होती, परतीची दोन सोयूझ यानं जोडलेली होती आणि त्यातल्या एकाकडे जाणारी वाट आगीने अडवली होती. अशा वेळी सभा भरवायची नसते. १९७१मध्ये साल्यूत १ या सोव्हिएत स्थानकावरून परतताना एक झडप अवेळी उघडली, हवा निघून गेली आणि सोयूझ ११मधले तिघेही अंतराळवीर गेले. तिथे तर आज्ञा द्यायलाही वेळ नव्हता. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या आचारसंहितेतही कमांडरला तातडीच्या सुरक्षेसाठी गरजेपुरतं बळ वापरण्याची मुभा आहे, आणि ती असायलाच हवी.

पण आग विझते. जहाज बंदराला लागतं, खलाशी उतरतात, कप्तानाविरुद्ध तक्रार करायची तर किनाऱ्यावर कचेरी असते. आणीबाणीचा अधिकार माणसं सोसतात कारण त्याला शेवट असतो. ज्या ठिकाणी माणसं वर्षानुवर्षं राहणार, काम करणार, कदाचित मुलं वाढवणार, तिथे तोच अधिकार रोजच्या पाणीवाटपाला आणि खोल्यांच्या भाड्याला लावायचा, ही चलाखी आहे. ‘बॅबिलॉन ५’च्या तिसऱ्या हंगामात स्थानक पृथ्वीपासून स्वतंत्र झाल्याची घोषणा होते. प्रसंग थरारक आहे, पृथ्वीवरची राजवट जुलमी आहे आणि कप्तानाची बाजू न्याय्य आहे. तरीही अडीच लाख माणसं कुठल्या राज्यात राहणार हे एका माणसाने ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. मतदान झालं नाही. अंगावर काटा आला तो स्वातंत्र्यामुळे. मतपेटी दिसली नाही हे फार थोड्यांनी पाहिलं असेल.

प्रत्यक्षातही असं एकदा घडलं आहे, उलट दिशेने. अंतराळवीर सेर्गेई क्रिकालेव्ह मे १९९१मध्ये सोव्हिएत नागरिक म्हणून मीरवर गेले. त्यांचा मुक्काम लांबत गेला, आणि मार्च १९९२मध्ये ते उतरले तेव्हा सोव्हिएत संघ उरलेला नव्हता.

आता कायद्याकडे. १९६७च्या अवकाश करारानुसार खासगी कंपनी अवकाशात जे करील त्याची जबाबदारी तिच्या देशावर येते, आणि ज्या देशाने वस्तू नोंदवली त्याचा तिच्यावर आणि तिच्यातल्या माणसांवर अधिकार चालतो. आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी १९९८मध्ये भागीदार देशांनी वेगळा करार केला: प्रत्येकाचा आपापल्या नोंदवलेल्या भागांवर आणि आपापल्या नागरिकांवर अधिकार. सहा-सात माणसांच्या, बहुतेक सरकारी नोकर असलेल्या घराला हे पुरून उरलं. पण हे स्थानक २०३०च्या सुमारास निवृत्त करून समुद्रात उतरवण्याचा बेत आहे. ते खाली आणणारं यान बांधण्याचं कंत्राट नासाने २०२४मध्ये स्पेसएक्सला दिलं. त्यापुढे नासाला पृथ्वीजवळच्या कक्षेत स्वतःचं स्थानक नको आहे. खासगी स्थानकांवर जागा भाड्याने घ्यायची आहे. अॅक्सिअम, स्टारलॅब, ऑर्बिटल रीफ ही नावं त्यासाठीच घेतली जातात. यातली किती खरोखर उभी राहतील हा वेगळा प्रश्न. घरमालक बदलतो आहे, हे नक्की.

आणि नोंदणी कुठल्या देशाची? समुद्रावरचा अनुभव काय सांगतो ते उघड आहे. जगातल्या मालवाहू जहाजांचा मोठा हिस्सा पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटांच्या झेंड्याखाली चालतो, मालक भलतीकडेच असतात. झेंडा निवडताना कर, मजुरीचे नियम आणि तपासणीचा काच या गोष्टी पाहिल्या जातात. स्थानकांच्या बाबतीत असं होणार नाही असं मानायला आधार कोणता? अमेरिकेतसुद्धा चित्र फार वेगळं नाही. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाचा अधिकार उड्डाण आणि परतीपुरता आहे. मधल्या मुक्कामाला तो लागू नाही. त्यातही प्रवाशांच्या सुरक्षेसाठी नियम करायला संसदेनेच बांध घातला आहे, जो २००४पासून वारंवार वाढवत आता १ जानेवारी २०२८पर्यंत नेला आहे. तोवर प्रवाशाने ‘धोका समजला’ अशी सही करायची आणि बसायचं.

सही करून बसणारा हौशी श्रीमंत असेल तोवर माझी फारशी तक्रार नाही. मला काळजी त्याच्या खोलीतला पंखा दुरुस्त करणाऱ्याची आहे. कंपनीच्या मालकीचं गाव म्हणजे काय याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीने आपल्या कामगारांसाठी सुंदर वसाहत बांधली: घरं, दुकानं, वाचनालय, सगळं कंपनीचं. १८९३च्या मंदीत कंपनीने पगार कापले. घरभाडी कापली नाहीत. पुढच्या वर्षी झालेला संप मोडायला फौज आणावी लागली, आणि १८९८मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ते गाव विकायला लावलं. पुलमनचा कामगार निदान पायी चालत शिकागोत जाऊ शकत होता.

याहून जास्त उपयोगाचा निकाल १९४६चा आहे. अलाबामा राज्यातलं चिकसॉ हे गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं, रस्त्यांसकट. ग्रेस मार्श नावाच्या बाईंना तिथल्या पदपथावर धार्मिक पत्रकं वाटल्याबद्दल अटक झाली. आरोप, खासगी जागेत घुसखोरी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाव गावासारखं वागत असेल तर मालकी कंपनीची आहे म्हणून नागरिकांचं स्वातंत्र्य संपत नाही. मला वाटतं कक्षेतल्या स्थानकांसाठी याच तत्त्वापासून सुरुवात करावी. ठरावीक मुदतीपलीकडे माणसं जिथे राहतात ते ठिकाण गाव मानावं, मग कागदावर त्याला प्रयोगशाळा म्हणोत की हॉटेल.

‘हे फार लवकर होतंय, वर आहेत किती माणसं’ असं म्हणणाऱ्यांना मी दोन प्रसंग आठवून देईन. १९७३-७४मध्ये नासाच्या स्कायलॅब स्थानकावर तिसरी तुकडी ८४ दिवस होती. तिघेही पहिल्यांदाच अवकाशात गेलेले, आणि जमिनीवरून येणारं वेळापत्रक इतकं गच्च की दम घ्यायला फुरसत नाही. त्यांनी संप केला अशी दंतकथा आहे. संप झाला नाही. डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी मोकळेपणाने गाऱ्हाणं मांडलं, जमिनीवरच्यांनी ऐकलं, काम सैल झालं आणि त्यानंतर उलट जास्त काम उरकलं. ऐकणारी बाजू सरकारी होती, तिला नफ्यातोट्याचा ताळेबंद दाखवायचा नव्हता. दुसरा प्रसंग ताजा. बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स जून २०२४मध्ये साधारण आठवड्याभरासाठी गेले, त्यांचं यान माणसांविना परत पाठवावं लागलं, आणि ते मार्च २०२५मध्ये उतरले. मधल्या काही आठवड्यांत, गरज पडलीच तर, दुसऱ्या यानात सामानाच्या जागी पट्ट्यांनी बांधून न्यायची तात्पुरती सोय त्यांच्यासाठी केलेली होती. जगातल्या सगळ्यात अनुभवी यंत्रणेच्या दोन नामवंत पाहुण्यांची ही कथा. ज्याचं कंत्राट संपलं आहे, ज्याचं कंपनीशी बिनसलं आहे, अशा साध्या तंत्रज्ञाच्या परतीच्या जागेची हमी कोण देणार?

त्यामुळे परतीचं आसन हा मोबदल्याचा भाग नसावा, हवेसारखाच हक्क असावा. थकबाकीसाठी, शिस्तभंगासाठी, कशासाठीही कुणाच्या वाट्याची हवा, पाणी, ऊब किंवा परतीची जागा कमी करता येऊ नये, आणि हे करारात न लिहिता कायद्यात लिहावं, कारण करारावर सही करणारा गरजू असतो. हवेच्या मोजमापाचे आकडे प्रत्येक रहिवाशाला दिसावेत. आणि मर्यादा ठरवणाऱ्यांत तीच हवा घेणारा निदान एक माणूस असावा, ज्याची नोकरी त्या मतावर अवलंबून नाही. चार्ल्स कॉकेल या खगोलजीवशास्त्रज्ञांनी गेली कित्येक वर्षं हा विषय लावून धरला आहे: श्वास यंत्रातून येतो तिथे जुलूम सोपा असतो. त्यांच्या सभांना अभियंते येतात, कायदेपंडित येतात. पटकथा लिहिणारेही तिथे असायला हवेत, कारण मालिका पाहणारे लाखो असतात आणि करार वाचणारे शंभर.

मला पाहायची आहे ती मालिका अशी. स्थानकावर निवडणूक लागली आहे. गोदीकडच्या भागात कार्बन डायऑक्साइड ३वर आहे आणि भाडं जास्त असलेल्या कड्यात २वर, कारण तिथल्या यंत्रांची देखभाल आधी होते. सुटे भाग घेऊन येणारं जहाज तीन आठवडे लांबलं आहे. कमांडर सज्जन आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे, कारण त्याच्या सज्जनपणावर विसंबून कुणी नियमच केलेले नाहीत. गाळण्या बदलणारी बाई उमेदवार आहे. तिला हवेची सगळी आकडेवारी पाठ आहे, भाषण करता येत नाही. कंपनीचा प्रतिनिधी खलनायक नाही. त्याच्याकडेही हिशेब आहे आणि तो खोटा नाही. असलं काही कंटाळवाणं होईल असं ज्या निर्मात्यांना वाटतं, त्यांनी गोदी कामगारांच्या संपाचा तो भाग पुन्हा लावून पाहावा. त्यात शेवटच्या पाच मिनिटांत कमांडर जो तोडगा काढतो, तो कामगारांनी स्वतः सभा घेऊन, भांडून, मतं मोजून काढला असता तर किती भाग रंगले असते ते मोजावं.